चाळीस सेकंदांचे भांडवल : कसबा पेठेचा नाद आणि खिशातले वाद्य

कसबा पेठ ही पुण्याची मूळ वस्ती मानली जाते. शहराचे ग्रामदैवत असलेला कसबा गणपती येथेच आहे आणि अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत पहिला मान त्याचाच असतो. कारागिरांच्या व्यवसायांची नावे धारण केलेल्या आळ्या या भागात अजून टिकून आहेत. त्यांपैकी तांबट आळी पाहुण्याला डोळ्यांआधी कानांनी सापडते. तांब्याच्या पत्र्यावर एका लयीत पडणारे हातोडीचे ठोके कोपऱ्यावरूनच ऐकू येतात. हंडा, घंगाळ, कळशी आणि पाणी तापवायचा बंब यांच्या अंगावर जवळजवळ, सारख्या अंतरावर ठोके देत जाण्याच्या या कामाला मठारकाम म्हणतात. त्यामुळे पत्रा घट्ट होतो आणि भांड्याला चकाकी येते. प्रत्येक ठोक्याबरोबर नाद उमटतो, आणि भांड्याचा आकार बदलला की तो नादही बदलतो.

हा आवाज पूर्वीइतका दाट राहिलेला नाही. स्टेनलेस स्टील आणि प्लॅस्टिक घराघरांत आले, बंबाची जागा गिझरने घेतली आणि यंत्रावर घडलेली भांडी स्वस्त पडू लागली. पुढच्या पिढीतील अनेकांनी दुसरे व्यवसाय धरले. ज्या नादाने एका आळीची ओळख घडवली, तो केवळ आठवणीत उरेल काय, असा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. एखाद्या घरातील तरुण मुलाच्या किंवा मुलीच्या हाती गणनयंत्राएवढे एक वाद्य आले, तर या प्रश्नाचे थोडेसे उत्तर तेथे सापडू शकते. ते वाद्य म्हणजे खिशात मावणारा सॅम्पलर आणि सिक्वेन्सर.

दोन शब्दांचा अर्थ

सॅम्पलर म्हणजे कोणताही आवाज टिपून घेणारे आणि कळ दाबताच तो पुन्हा वाजवणारे यंत्र. कॉम्पॅक्ट डिस्कच्या मानकाप्रमाणे एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० वेळा मोजमाप घेतले जाते आणि प्रत्येक मोजमाप एका अंकाच्या रूपात साठवले जाते. आवाज एकदा अंकांत उतरला की तो कापता येतो, उलटा वाजवता येतो, उंच किंवा खाली नेता येतो. सिक्वेन्सर म्हणजे कोणता आवाज कोणत्या क्षणी वाजावा याची नोंद ठेवणारी वही. ही वही यंत्र पुनःपुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत राहते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर पहिले यंत्र माल साठवते आणि दुसरे त्याची जमाखर्चाप्रमाणे क्रमवार मांडणी करते.

ही कल्पना भारतीय घरांना अगदी अपरिचित नाही. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला, आणि त्यानंतर आलेली तबल्याचे ठेके वाजवणारी यंत्रे आज असंख्य विद्यार्थ्यांच्या रियाजाच्या खोलीत आहेत. ठरवलेला ठेका ठरवलेल्या लयीत न थकता वाजवणारे यंत्र हा सिक्वेन्सरचाच एक प्रकार होय. गणेशोत्सवातील बेंजो पार्टीत किंवा वाद्यवृंदात काठीने वाजवला जाणारा ऑक्टोपॅडही याच कुळातला. त्याच्या आठ चौकोनांवर ढोलकी, ताशा, काच फुटल्याचा आवाज असे काहीही बसवलेले असते. जपानच्या रोलँड कंपनीने ऑक्टोपॅड १९८५ साली आणला आणि महाराष्ट्राच्या मांडवांनी तो जणू आपलाच केला.

महागड्या दालनातून खिशाकडे

साधारण १९८० च्या सुमारास आवाजाचे नमुने साठवणारी यंत्रे मोठ्या ध्वनिमुद्रणगृहांनाच परवडत. १९८८ साली रॉजर लिन यांनी रचलेले आणि अकाई कंपनीने काढलेले एमपीसी ६० हे यंत्र आले. त्यावर चार ओळींत चार याप्रमाणे सोळा रबरी चौकोन होते. त्याची किंमत सुमारे ५,००० डॉलर होती. त्यानंतर तीस वर्षांनी, २०१८ साली, स्टॉकहोमच्या टीनेज इंजिनिअरिंग कंपनीने पीओ-३३ हे छोटे यंत्र ८९ डॉलरला विक्रीस आणले. त्याला आवरण नाही. उघडी सर्किट पट्टी, वर गणनयंत्रासारखा पडदा, खाली चार ओळींत सोळा कळा, आत मायक्रोफोन आणि बारीकसा स्पीकर, व मागे दोन छोट्या बॅटऱ्या. त्याची एकूण स्मृती चाळीस सेकंदांच्या आवाजापुरती. आज याहून मोठी आणि सोयीची अनेक यंत्रे मिळतात. परंतु शिकणाऱ्यासाठी या चाळीस सेकंदांच्या मर्यादेतच मोठा गुण आहे.

मर्यादित भांडवलावर दुकान सुरू करणारा माणूस कोणता माल ठेवायचा आणि कोणता नाकारायचा हे लवकर शिकतो. येथेही तसेच होते. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने कसबा पेठेतून पुढील आवाज जमवले : मोठ्या घंगाळावरचा जड ठोका अर्धा सेकंद, कळशीवरचा हलका ठोका ०.३, ढोलाची थाप ०.८, ताशाची तर्री एक, भांडे हलकेच वाजवल्यावर रेंगाळणारा नाद दोन, देवळातील घंटा चार, पत्र्यावरचा पाऊस तीन, तानपुरा सहा आणि घरातील आजीने गुणगुणलेली एक ओळ आठ सेकंद. बेरीज २५.६ सेकंद झाली, शिल्लक १४.४. नऊ आवाज आले, सात जागा रिकाम्या राहिल्या. आता प्रत्येक नव्या आवाजाने आपली जागा सिद्ध केली पाहिजे. अमर्याद साठा असलेल्या संगणकावर ही शिस्त सहसा लागत नाही.

सोळा कळा आणि तीनताल

चार ओळींत सोळा कळा पाहिल्या की तालाची ओळख असलेल्या कोणालाही तीनताल आठवेल. पहिल्या कळेवर सम, पाचवीवर टाळी, नववीवर खाली, तेरावीवर पुन्हा टाळी. प्रत्येक ओळीची सुरुवात म्हणजे एका विभागाची सुरुवात. पाश्चात्त्य गणिताने घडवलेल्या यंत्रात आपला सर्वांत परिचित ताल असा आयताच बसतो.

मात्र येथे एक अडचण येते. हे यंत्र एका ठोक्याचे चार भाग करते. मिनिटाला १२० ठोके ठेवले, तर एक घर केवळ ०.१२५ सेकंदाचे आणि सोळा घरांचे आवर्तन दोन सेकंदांत संपते. एका घराला एक मात्रा धरली, तर मिनिटाला ४८० मात्रा होतील, आणि हा वेग शिकणाऱ्याच्या कानाला झेपणारा नव्हे. म्हणून यंत्राची गती मिनिटाला ६० ठोक्यांवर आणावी आणि एका मात्रेला दोन घरे द्यावीत. तेव्हा मात्रा अर्ध्या सेकंदाची होते, तीनतालाला ३२ घरे लागतात आणि सोळा घरांचे दोन नमुने एकापुढे एक जोडावे लागतात. दोन मात्रांमधले रिकामे घर हीच मग ठेका भरण्याची जागा ठरते.

सात मात्रांचा रूपक किंवा दहा मात्रांचा झपताल सोळा घरांत पूर्ण बसत नाही. मोठ्या यंत्रांत नमुन्याची लांबी बदलता येते. छोट्या यंत्रात लघुतम साधारण विभाज्य काढावा लागतो. सात आणि सोळा यांचा तो ११२ येतो. म्हणजे सोळा घरांचे सात नमुने जोडले की रूपकाची सोळा आवर्तने नेमकी पूर्ण होतात आणि सम पुन्हा पहिल्या घरावर येते. झपतालासाठी ८० घरे, म्हणजे पाच नमुने आणि आठ आवर्तने पुरतात. शाळेत निरुपयोगी वाटलेले हे गणित येथे ऐकू येते.

सुराचा शोध

टिपलेला आवाज दुप्पट वेगाने वाजवला तर तो एक सप्तक वर जातो आणि अर्ध्या वेळात संपतो. निम्म्या वेगाने वाजवला तर एक सप्तक खाली उतरतो आणि लांबतो. या एका नियमावर सॅम्पलरची सारी सुरावट उभी आहे. तांब्याच्या भांड्याचा नाद घेऊन तो सोळा कळांवर निरनिराळ्या सुरांत वाजवता येतो. त्याआधी पेटी जवळ घेऊन भांडे काळी एकशी जुळते की पांढरी चारशी, हे शोधावे. अनेकदा ते कोणत्याच पट्टीशी नीट जुळत नाही, कारण धातूच्या भांड्यातून निघणारे उपस्वर तारेच्या उपस्वरांसारखे शिस्तीत नसतात. अशा आवाजाला सुरासाठी न राबवता ठेक्यात ठेवणे शहाणपणाचे.

यंत्राची उणीवही येथे समजते. कळा सप्तकाची ठरावीक वाटणी करतात. दोन सुरांमधली मींड, गंधाराचे बारीक आंदोलन त्यांत येत नाही. ते हवे असेल तर गळ्याने किंवा सारंगी-व्हायोलिनने गाऊन-वाजवून संपूर्ण वाक्यच टिपावे लागते. यंत्र शिकण्यासाठी गाणे शिकणे सोडू नये, याचे हेच सर्वांत भक्कम कारण आहे.

लयीबाबतही तसेच. सर्व ठोके काटेकोर घरांवर पडले की ठेका निर्जीव वाटू लागतो. रॉजर लिन यांच्या यंत्रांत दर दुसरे घर किंचित उशिरा वाजवण्याची सोय होती, आणि त्या झोक्यासाठीच ती यंत्रे नावाजली गेली. तांबट आळीत कारागिराची हातोडी ऐकली तर तोच झोका ऐकू येतो, कारण भांडे फिरवताना त्याचा दुसरा हात क्षणभर वेळ घेतो.

आधी चाललेली माणसे

रोजच्या आवाजातून संगीत घडवण्याचा विचार पुण्याला नवा नाही. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली. तिच्या १९३७ च्या 'कुंकू' या चित्रपटात दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि संगीतकार केशवराव भोळे यांनी नेहमीचे पार्श्वसंगीत टाळून घरातील व भोवतालच्या स्वाभाविक आवाजांवर भर दिला. पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी आगगाडीच्या आवाजांतून आपली प्रसिद्ध रचना केली ती १९४८ साली, म्हणजे 'कुंकू' नंतर अकरा वर्षांनी.

अहमदाबादची हकिगत व्यापारी कुटुंबांनी आवर्जून जाणून घ्यावी अशी आहे. वस्त्रोद्योगातील साराभाई घराण्याच्या गीता साराभाई पखवाज शिकलेल्या होत्या. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत समजून घेतले. याच घराण्यातील गौतम आणि गिरा साराभाई यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्युडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला. त्यावर गीता साराभाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, अतुल देसाई आणि तरुण जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत रचना केल्या. त्या फिती दीर्घकाळ संग्रहात पडून राहिल्या आणि २०२३ साली ध्वनिमुद्रिकेच्या रूपात प्रसिद्ध झाल्या. कापडाच्या व्यवसायातून आलेल्या संपत्तीचा काही भाग असा, ज्याचा लाभ लगेच दिसणार नव्हता अशा कामी लागला होता.

मुंबईचे चरणजित सिंह हे चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे कलावंत. १९८२ साली त्यांनी रोलँडची तीन यंत्रे, म्हणजे टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८, एकत्र जोडून भैरवी, ललत, यमन, मालकंस अशा दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. बाजारात तिला कोणी विचारले नाही. पुढे शिकागोत त्याच टीबी-३०३ वर नृत्यसंगीताचा नवा प्रकार जन्मला. एका डच संग्राहकाला २००२ साली ही मुद्रिका सापडली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि सत्तरीतल्या सिंह यांना परदेशांतील रंगमंचांवर बोलावणे येऊ लागले. २०१५ साली त्यांचे निधन झाले. यश उशिरा आले. पण काम १९८२ सालीच पूर्ण झाले होते.

कोणाचा माल, कोणाच्या नावावर

येथून पुढचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. टिपलेला आवाज कोणाचा?

लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या 'एक दूजे के लिये' (१९८१) या चित्रपटातील एका गीताची व्हायोलिनची लकेर २००३ साली ब्रिटनी स्पिअर्स यांच्या 'टॉक्सिक' या गाण्यात वापरली गेली आणि जगभर वाजली. मुंबईच्या ज्या वादकांनी ती लकेर वाजवली, त्यांची नावे ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचलीच नाहीत. 'ज्योती' (१९८१) चित्रपटातील बप्पी लाहिरी यांनी स्वरबद्ध केलेले आणि लता मंगेशकर यांनी गायिलेले गाणे २००२ साली एका अमेरिकन गाण्यात परवानगीविना घेतले गेले. प्रकरण न्यायालयात गेले आणि लाहिरी यांचे नाव दिल्याशिवाय ती मुद्रिका विकू नये, असा आदेश झाला.

भारतात १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा लागू आहे. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. गीत आणि चाल यांवरचा हक्क मात्र रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर आणखी ६० वर्षे राहतो. त्यामुळे जुनी मुद्रिका मुक्त झाली तरी तिच्यातील चाल मुक्त झालेली असतेच असे नाही. घरात शिकण्यासाठी वाजवणे निराळे. गाणे लोकांसमोर आणायचे, विकायचे किंवा जाहिरातीत वापरायचे असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी. दुसऱ्याचा माल उधारीवर घेताना चिठ्ठी करावी, हा नियम येथेही तोच.

स्वतः टिपलेल्या आवाजाला ही अडचण कमी. परंतु तेथे कायद्याऐवजी सभ्यता कामी येते. तांबट काकांच्या दुकानासमोर उभे राहून त्यांना न विचारता आवाज टिपून निघून जाणे योग्य नव्हे. "काका, हा ठोका गाण्यासाठी घेऊ का?" असे विचारावे, वेळ मोडल्याबद्दल काही द्यावे, जमल्यास एखादी कळशी विकत घ्यावी आणि गाणे पूर्ण झाले की ते त्यांना ऐकवावे. प्रत्येक नमुन्यासाठी वहीत एक ओळ ठेवावी : आवाज कशाचा, कोठला, कोणी वाजवला, कोणत्या तारखेला, परवानगी मिळाली की नाही. अशी वही ठेवली तर गाणे आवडो न आवडो, आळीच्या नादाची एक नोंद तरी मागे राहते. आणि हा व्यवसाय पुढे आणखी आटला, तर त्या नोंदीचे मोल गाण्यापेक्षा अधिक ठरेल.

चार आठवड्यांचा क्रम

पहिल्या आठवड्यात काहीही रचू नये. केवळ ऐकावे आणि टिपावे. हातोडीचा आवाज मोठा असतो. यंत्र फार जवळ धरले तर आवाज फाटतो, म्हणून चार-पाच हात अंतर ठेवावे. टिपलेल्या नमुन्याच्या सुरुवातीची शांतता कापून टाकावी, अन्यथा प्रत्येक ठोका उशिरा पडल्यासारखा वाटतो.

दुसऱ्या आठवड्यात तीनच आवाज घेऊन केरवा बसवावा. आठ मात्रांना प्रत्येकी दोन घरे दिली की सोळा घरे बरोबर भरतात. तिसऱ्या आठवड्यात एका नादाला सुरांत फिरवून चार-पाच स्वरांची छोटी चाल करावी. भूप त्यासाठी सोपा. चौथ्या आठवड्यात ध्रुवपद आणि अंतरा यांसाठी वेगवेगळे नमुने करून त्यांची साखळी जोडावी. गाणे दीड-दोन मिनिटांचे पुरे. प्रत्येक टप्प्यावर एक आवाज काढून पाहावा; काढल्याने गाणे बिघडले नाही, तर तो परत घालू नये.

वाड्यांच्या आणि जुन्या इमारतींच्या भिंती शेजाऱ्यांच्या फार जवळ असतात. सरावासाठी हेडफोन वापरावा. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकावर निर्बंध घालणारे २००० सालचे नियम उत्सवाच्या मांडवांना लागू आहेत. घरातल्या स्पीकरसाठी तेवढी समज आपण होऊन बाळगावी.

घरातील मोठ्यांसाठी

मुलाच्या हातात असे यंत्र पाहिल्यावर व्यापारी घरात पहिला प्रश्न येतो तो उपयोगाचा. उत्पन्नाचे साधन म्हणून याकडे पाहू नये. त्यातून मिळकत करणारे थोडे आणि तीही अनियमित. परंतु मर्यादित साधनांत निवड करणे, केलेली नोंद जपणे, दुसऱ्याच्या श्रमाचे श्रेय त्याच्याच नावे मांडणे आणि आवडीची गोष्ट पूर्ण होईपर्यंत धीर धरणे हे गुण पेढीवरही लागतात. म्हणून मोठ्यांनी महागड्या यंत्राची घाई करू नये. आधी मोबाइलवर महिनाभर आवाज जमवायला सांगावे, वही तपासावी, आणि ती नियमित भरलेली दिसली तरच यंत्र घ्यावे. मुलासोबत एखाद्या सकाळी तांबट आळीतून चालत जाणे मात्र पहिल्या दिवशीच करता येईल. दुकानावर बसलेल्या आजोबांना कदाचित तेथील जुनी नावे, जुने भाव आणि कोणत्या भांड्याला कसा आवाज असे हे अजून आठवत असेल. त्यांचा आवाजही टिपून ठेवावा; स्मृतीत १४.४ सेकंद शिल्लक आहेतच.